एचपीव्ही पॉझिटिव्ह आलंय? आधी हे वाच

अगं, पॉझिटिव्ह म्हणजे कॅन्सर नव्हे. एचपीव्ही हा शरीरसंबंधातून पसरणारा विषाणू; तो सापडला, एवढंच. बहुतेकींच्या शरीरातून तो दोनेक वर्षांत आपोआप जातो.

आणि नवऱ्यावर लगेच संशय घेऊ नकोस. हा विषाणू वर्षानुवर्षं गुपचूप राहू शकतो. कधी, कुणाकडून आला हे तपासणीवरून कळत नाही. (घरातली निम्मी भांडणं इथूनच सुरू होतात!)

रिपोर्टमध्ये विषाणूचा प्रकार बघ. १६ आणि १८ हे जास्त जोखमीचे, गर्भाशयमुखाच्या सुमारे ७० टक्के कॅन्सरमागे तेच असतात. ते असतील तर डॉक्टर बहुधा कॉल्पोस्कोपी (भिंगातून गर्भाशयमुखाची तपासणी) सुचवतील. दुसरा प्रकार असेल आणि पॅप स्मिअर (गर्भाशयमुखाच्या पेशींची तपासणी) नॉर्मल असेल, तर सहसा वर्षभराने पुन्हा तपासणी. ती तारीख मात्र चुकवू नकोस. सिगारेट ओढत असशील तर सोड, तिच्यामुळे विषाणू रेंगाळतो.