वाचकांचे प्रश्न : देवय्यांच्या महावीरचक्राला २३ वर्षे का लागली?

प्रश्न : स्क्वॉड्रन लीडर देवय्या १९६५च्या युद्धात धारातीर्थी पडले, परंतु त्यांना महावीरचक्र १९८८ साली देण्यात आले, असे वाचले. हा विलंब सरकारी अनास्थेमुळे झाला का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : अनास्थेचा आरोप सहज सुचतो, पण या प्रकरणात तो पुरता लागू पडत नाही. शौर्यपदकाच्या शिफारशीला कोणीतरी डोळ्यांनी पाहिलेला पराक्रम लागतो आणि देवय्यांचा पराक्रम पाहणारा एकही भारतीय तेव्हा आकाशात नव्हता.

अज्जमाडा बोप्पय्या देवय्या मूळचे कर्नाटकातल्या कोडगूचे. त्यांचा जन्म १९३२चा. हवाई दलात ते अनुभवी प्रशिक्षक म्हणून ओळखले जात. ६ सप्टेंबर १९६५च्या संध्याकाळी पाकिस्तानने आपल्या हवाई तळांवर हल्ले चढवले, तेव्हा दुसऱ्या दिवशी पहाटे पाकिस्तानच्या सरगोधा हवाई तळावर प्रतिहल्ला करण्याची कामगिरी जालंधरजवळच्या आदमपूर येथील पहिल्या स्क्वॉड्रनकडे आली. विंग कमांडर ओ. पी. तनेजा यांच्या नेतृत्वाखाली १२ मिस्टेअर ही फ्रेंच बनावटीची लढाऊ विमाने जायची होती. देवय्यांचे नाव या बारांत नव्हते, ते राखीव होते. एक विमान गळाल्यावर ते मोहिमेत सामील झाले. सरगोधा मिस्टेअरच्या पल्ल्याच्या अगदी टोकाला असल्यामुळे वाटेत झुंजत बसण्याइतके इंधन कोणाकडेच नव्हते, आणि हल्ला करून तडक परतणे हेच शहाणपणाचे होते.

परतीच्या वाटेवर पाकिस्तानी हवाई दलाचे फ्लाइट लेफ्टनंट अमजद हुसेन यांच्या स्टारफायटर या अमेरिकी बनावटीच्या लढाऊ विमानाने देवय्यांना गाठले. स्टारफायटर आवाजाच्या दुप्पट वेगाने उडणारे आणि क्षेपणास्त्रे बाळगणारे. मिस्टेअरला सरळ पातळीत आवाजाचा वेगसुद्धा गाठता येत नसे. देवय्यांचे विमान गोळ्यांनी जखमी झाले, तरी त्यांनी पळ काढला नाही. एक गोष्ट त्यांच्या बाजूची होती : आखूड पंखांच्या स्टारफायटरला कमी उंचीवर चटकन वळता येत नाही आणि वळणावळणांच्या झुंजीत जुने विमान वरचढ ठरू शकते. देवय्यांच्या ३० मिलिमीटर तोफांच्या माऱ्याने स्टारफायटर कोसळले. हुसेन हवाई छत्रीने उतरून बचावले, देवय्या मात्र वाचले नाहीत. कैसर तुफैल या पाकिस्तानी हवाई दलातील निवृत्त अधिकाऱ्यांच्या लेखनानुसार गावकऱ्यांनी त्यांना तिथल्याच शेतात दफन केले.

आदमपूरला यातले काहीच कळले नाही. पहाटेच्या त्या तुकडीतले एक मिस्टेअर परतले नाही, एवढीच नोंद झाली आणि देवय्या बेपत्तांच्या यादीत गेले. गंमत अशी (तिला गंमत म्हणवत नाही), की १९७१च्या युद्धात अमृतसरजवळ विमान पाडले जाऊन हेच हुसेन भारताचे युद्धकैदी झाले. झुंजीचा एकमेव जिवंत साक्षीदार आपल्या ताब्यात होता आणि तरीही देवय्यांची कहाणी बाहेर आली नाही.

ती उघड झाली १९७९मध्ये, एका ब्रिटिश लेखकाने पाकिस्तानी हवाई दलाच्या माहितीच्या आधारे लिहिलेल्या पुस्तकातून. सरगोधाच्या त्या हल्ल्याच्या वेळी एक स्टारफायटर मिस्टेअरशी झालेल्या झुंजीत गमावल्याचे त्यात नमूद होते. परतलेल्यांपैकी कोणीही विमान पाडल्याचा दावा केलेला नव्हता. त्यामुळे वजाबाकीने एकच नाव उरत होते. निवृत्त झालेल्या तनेजांनी हा धागा सोडला नाही आणि हवाई दल मुख्यालयाकडे पाठपुरावा केला. तेव्हा १९६५ ते १९७९ हा काळ अज्ञानाचा होता, त्याबद्दल कोणाला बोल लावणे कठीण आहे. पुस्तक आल्यानंतरची जवळजवळ नऊ वर्षे मात्र आमच्या मते समर्थनीय नाहीत, कारण पुरावा तेव्हा छापील स्वरूपात समोर होता.

प्रश्न : इतक्या उशिरा दिलेल्या पदकाला काही अर्थ असतो का?
– त्याच वाचकाकडून

उत्तर : असतो. बेपत्ता वैमानिकाच्या घरच्यांना शेवटी काय घडले हेच ठाऊक नसते, आणि १९८८मध्ये श्रीमती सुंदरी देवय्या यांना पदकाबरोबर ते अधिकृतपणे कळले. हवाई दलात मरणोत्तर महावीरचक्र मिळालेले देवय्या हे एकमेव अधिकारी आहेत. मडिकेरीत त्यांच्या नावाचा चौक असून तेथे त्यांचा पुतळाही उभारलेला आहे.