विचारा की! : सावाचा गोल आणि कट्ट्यावरची पैज

प्रश्न : दादा, आठवडा झाला माझ्या मोबाईलवर एकच गोल येतोय, जपानची दहा नंबरची होमारे सावा, कॉर्नरवर गोलकडं पाठ करून पाय लावती आणि बॉल आत. आमच्या कट्ट्यावर एकजण पैजेवर म्हणतोय की त्या फायनलची शेवटची पेनल्टी पण तिनंच मारली. आणि कधीची रिटायर झालेल्या बाईला एवढे व्ह्यूज कसे? आपल्यात तर मागच्या सीझनचा स्ट्रायकर पण कुणाच्या ध्यानात नसतो.
– एक वाचक, मंगळवार पेठ, कोल्हापूर

उत्तर : भावा, आधी मित्राकडनं मिसळ वसूल कर. सावानं त्या शूटआऊटमध्ये पेनल्टी मारलीच नाही, शेवटची मारली साकी कुमागाईनं. रीलवाले गोल आणि पेनल्टी एकमेकाला चिकटवून टाकतात, नावं कोण बघतंय.

मॅच म्हणजे २०११ च्या बायकांच्या फुटबॉल वर्ल्डकपची फायनल, १७ जुलै, फ्रँकफर्ट, समोर अमेरिका, आपल्याकडं रात्रीचे अडीच वाजून गेलेले. एक्स्ट्रा टाइममध्ये जपान १-२ नं मागं, ११७ वं मिनिट, आया मियामाचा कॉर्नर आला आणि सावा गर्दीतनं सुटून जवळच्या पोस्टकडं पळाली. बॉल तिच्याही पुढं चाललेला, वळून मारायला जागाच नाही, मग तिनं पळता पळता उजव्या पायाची बाहेरची बाजू नुसती लावली. नुसती लावली म्हणतोय खरं, पण शाहू स्टेडियमवर कुणी असला गोल मारला तर पेठेत महिनाभर दुसरा विषय निघायचा नाही! २-२ झालं, पेनल्टीवर जपान ३-१ नं जिंकलं.

आता व्ह्यूजचं. तू म्हणतोस स्ट्रायकर ध्यानात राहत नाही, पण समोरच्या पेठेच्या टीमला शेवटच्या पाच मिनिटांत ज्यानं गोल घातला त्याचं नाव कट्ट्यावरची म्हातारी माणसं अजून सांगतात का नाही? तसंच हे. जपाननं तोवर अमेरिकेला एकदाही हरवलं नव्हतं, त्यात त्याच मार्चमध्ये तिकडं भूकंप आणि त्सुनामी होऊन गेलेली. मॅच संपली तेव्हा ट्विटरवर सेकंदाला ७,१९६ ट्विट पडत होते, तेव्हाचा तो रेकॉर्ड होता. म्हणजे रील्सनी तिला वर आणलं असं नाही, रील्स नव्हती तेव्हाच बाई नेटवर गाजलेली.

मला राग येतो तो वेगळाच. २०५ मॅच, ८३ गोल, आणि फिरतोय एकच! १९९३ ला पंधरा वर्षांची असताना जपानकडनं पहिली मॅच खेळली, सहा वर्ल्डकप खेळली. त्या २०११ मध्ये सगळ्यात जास्त गोल तिचे, बेस्ट प्लेअर पण तीच, वय ३२. डिसेंबर २०१५ ला क्लबकडनं शेवटची मॅच खेळली ती पण जपानमधल्या एम्प्रेस कपची फायनल, १-० नं जिंकली आणि तो एक गोल हिचाच, हेडर. ते रील शोध, नाद खुळा हाय.

आणि एक्स्ट्रा टाइम पूर्ण बघायचा असेल तर थोडं मागनं, ८१ व्या मिनिटापासनं लाव. जपानचा पहिला बरोबरीचा गोल कॉर्नर मारणाऱ्या त्याच मियामाचा आहे. तिचं रील तुला एकदा तरी आलं का?