सततच्या टेन्शनने नसा 'ओव्हरॲक्टिव्ह' झाल्या तर हार्टवर खरंच परिणाम होतो का?

हो, होतो, आणि हे नुसतं मनाचं नाहीये. आपल्या शरीरात सिम्पथेटिक नावाची एक नर्व्हस सिस्टीम असते, धोका दिसला की ती ॲड्रेनलिन नॉरॲड्रेनलिन ही शरीराला सावध करणारी रसायनं सोडते, ठोके वाढतात, रक्तवाहिन्या आवळतात, बीपी चढतं. थोडा वेळ असं झालं तर काही बिघडत नाही, पळायला लागतंच ते. पण हीच सिस्टीम रात्रंदिवस चालू राहिली की त्रास सुरू होतो.

लोकांना सहसा माहीत नसतं की या सिस्टीमच्या नसा (म्हणजे नर्व्ह्स, रक्तवाहिन्या नव्हे) किडनीपर्यंत जातात, तिथे रेनिन नावाचं बीपी वाढवणारं रसायन वाढतं, मग शरीर मीठ पाणी धरून ठेवतं आणि बीपी अजून वर जातं. वर्षानुवर्षं जास्त प्रेशरविरुद्ध पंप करून हृदयाची भिंत जाड होते, ठोके अनियमित व्हायची शक्यता वाढते. हार्ट फेल्युअरमध्ये, म्हणजे हृदय नीट पंप करू शकत नाही तेव्हा, बीटा ब्लॉकर (ॲड्रेनलिनचा हृदयावरचा परिणाम अडवणाऱ्या गोळ्या) देतात ते याच माऱ्यापासून हृदयाला वाचवायला. २०२३ मध्ये अमेरिकेत बीपी कमी करायला किडनीच्या नसा शांत करणाऱ्या प्रोसिजरलाही मंजुरी मिळाली, म्हणजे बघा.

आणि कारण फक्त टेन्शनच असतं असं नाही हं, झोपेत श्वास अडकणं म्हणजे स्लीप ॲप्निया, सिगरेट, लठ्ठपणा यानेही ही सिस्टीम पेटलेली राहते. घोरत असाल आणि बीपी गोळ्यांनी आटोक्यात येत नसेल तर डॉक्टरांना ॲप्नियाबद्दल नक्की विचारा, प्लीज टाळू नका. बीटा ब्लॉकर चालू असेल तर मनाने अचानक बंद करू नका, ठोके एकदम उसळतात. छातीत दुखलं तर मात्र टेन्शन समजून घरी बसू नका, लगेच हॉस्पिटल गाठा.