वाचकांचे प्रश्न : भूमिगत खाण आणि सिम्युलेशन

प्रश्न : आमच्या भागातील रेडीची लोहखनिजाची खाण उघडी असल्याने डंपर कुठे अडतो, ते डोळ्यांना दिसते. भूमिगत खाणीत मात्र सिम्युलेशन, म्हणजे संगणकावर कामाची नक्कल, करून डंपरांची संख्या ठरवतात, असे खाणकाम शिकणारा माझा मुलगा सांगतो. साध्या गणिताने ते भागत नाही का?
— एक वाचक, वेंगुर्ले

उत्तर : साधे गणित सरासरीवर चालते आणि गफलत तिथेच होते. समजा, डंपर भरायला 5 मिनिटे आणि माल ओतून परत यायला 25 मिनिटे लागतात. म्हणजे एका डंपराच्या 30 मिनिटांच्या फेरीत 5 मिनिटांना एक याप्रमाणे 6 डंपर भरून होतात, म्हणून कागदावर 6 डंपर पुरेसे आहेत. प्रत्यक्षात एखादी खेप 4 मिनिटांत भरते, तर मोठा धोंडा आडवा आला की 9 मिनिटे जातात. शिवाय अरुंद उतरत्या बोगद्यात समोरून वाहन आले, की कोकण रेल्वेच्या एकेरी मार्गावर क्रॉसिंगसाठी गाडी खोळंबते, तसे एकाला बगलेच्या जागेत थांबावे लागते. सिम्युलेशनमध्ये हे चढउतार, यंत्रांचे बिघाड आणि सुरुंगानंतर धूर निघेपर्यंतचा खोळंबा धरून अख्खी पाळी संगणकावर शेकडो वेळा चालवतात. तेव्हा अनेकदा असे दिसते, की सातव्या डंपराने उत्पादन फारसे न वाढता रांगच वाढते आणि डिझेलच्या धुरामुळे वायुवीजनावरचा, म्हणजे खाणीत हवा खेळती ठेवणाऱ्या यंत्रणेवरचा, भार वाढतो. त्यापेक्षा बगलेची आणखी एक जागा खोदणे परवडते. अर्थात, मागील महिन्याचे प्रत्यक्ष उत्पादन सिम्युलेशनच्या ज्या मॉडेलला (संगणकातील खाणीच्या प्रतिकृतीला) जुळवून दाखवता येत नाही, त्याच्या भरवशावर खरेदी करू नये. पाळीच्या नोंदवहीत अंदाजपंचे आकडे भरले असतील, तर ते जुळणारही नाही.