वाचकांचे प्रश्न : हायलंडची हलकी सिंगल माल्ट

प्रश्न : मुलाने विमानतळावरून रॉयल लॉखनगर या स्कॉच व्हिस्कीची १२ वर्षांची बाटली आणली. दुकानदार म्हणतो, ही 'हलकी' आहे. म्हणजे कमी चढते का? (दादर)

उत्तर : नाही. बाटलीवर ४० टक्के लिहिले आहे, म्हणजे ६० मिलीच्या लार्जमध्ये २४ मिली शुद्ध अल्कोहोल गेलेच. कोणत्याही ४० टक्क्यांच्या व्हिस्कीत तेवढेच असते. हलकेपणा आहे तो वासाचा आणि जिभेवरच्या वजनाचा. हलकी समजून एक पेग जास्त भरला जातो, म्हणून हे आधी सांगितले.

हा हलकेपणा भट्टीवर मेहनतीने मिळवलेला असतो. जॉन बेग यांनी १८४५ मध्ये उभारलेली ही डिस्टिलरी स्कॉटलंडच्या हायलंड भागात, ब्रिटिश राजघराण्याच्या बाल्मोरल राजवाड्याच्या शेजारीच आहे. १८४८ मध्ये राणी व्हिक्टोरिया ती पाहून गेली आणि 'रॉयल' नाव लागले. तांब्याचे हंडे दोनच. पहिल्यात मोड आणलेल्या जवाचे, म्हणजे माल्टचे, आंबवलेले पाणी उकळते, दुसऱ्यात त्याचा अर्क पुन्हा. दुसऱ्या वेळी सुरुवातीची उग्र धार आणि शेवटची जड, ओल्या चामड्यासारख्या वासाची धार बाजूला काढून फक्त मधली पिपात भरतात. शेवटची धार वेळेवर तोडली नाही, तर जडपणा पिपात जातो आणि पुढे १२ वर्षे ठेवूनही पुरता जात नाही.

खरी गंमत वाफ थंड करण्यात आहे. इथे पाण्याच्या टाकीत बुडवलेली लांब नागमोडी नळी वापरतात. अशा नळीतून बहुधा जड, गंधकाच्या वासाचा अर्क येतो, कारण थंड पाण्यात वाफेचे लगेच द्रव होते आणि तांब्याला गंधक शोषायला वेळच मिळत नाही. लॉखनगरला टाकीतले पाणी मुद्दाम कोमट ठेवतात. वाफ जास्त वेळ वाफच राहते, तांब्याला घासत जाते आणि अर्काला हिरव्या गवताचा ताजा वास येतो. दोन पाळ्यांच्या मध्ये हंड्यांना विश्रांतीही देतात. हवा लागली की तांबे पुन्हा कामाला लागते.

प्रश्न : बर्फ टाकला की वास नाहीसाच होतो. आणि दुसऱ्या एका ४६ टक्क्यांच्या बाटलीत तर गढूळपणा आला. भेसळ असेल का? (मुलुंड)

उत्तर : गढूळपणा म्हणजे भेसळ नव्हे. ४६ टक्के किंवा त्याहून तेज व्हिस्की बऱ्याचदा थंड करून गाळलेली नसते. अल्कोहोल कमी झाले किंवा थंडी लागली की तिच्यातले तेलकट घटक वेगळे होतात. ते चवीचेच आहेत, खुशाल प्या.

बर्फाचे मात्र तुमचे बरोबर आहे. गारठ्यात वास वर येत नाही आणि हलक्या माल्टकडे वासाखेरीज फारसे भांडवल नसते. पण मे महिन्यातल्या मुंबईत ३३ अंशांना नुसती ओतली, तर अल्कोहोलच नाकात भरते. मधला मार्ग असा : बाटली फ्रिजमध्ये १५ मिनिटे ठेवा, फ्रीझरमध्ये नको. ३० मिलीत आधी ५ मिली, म्हणजे एक चमचा पाणी घाला. ४० टक्क्यांची व्हिस्की सुमारे ३४ वर येते. हुंगून पाहा, हवे तर आणखी एक चमचा. पाणी उकळून, उघडे ठेवून गार केलेले घ्या, क्लोरीनचा वास जातो. सोडा नको. चखण्याला लसणाची शेव नको, खारे नसलेले बदाम पुरेत.

प्रश्न : पावसाळ्यात बाटली कशी ठेवावी? (ठाणे)

उत्तर : उभी, अंधाऱ्या कपाटात. वाइनसारखी आडवी ठेवलीत, तर अल्कोहोल बूच खाते आणि ते फुटते. फुटलेच, तर कॉफीच्या फिल्टरने गाळून धुतलेल्या, कोरड्या बाटलीत भरा. कपाटात डांबराच्या गोळ्या अजिबात नकोत. बाटली एक तृतीयांशावर आली की छोट्या बाटलीत ओता. रिकाम्या जागेतली हवा हलक्या माल्टचा वास आधी खाते. बाटलीत व्हिस्की मुरत नाही, १२ वर्षे ती पिपातलीच. त्यामुळे 'खास दिवसासाठी' फोडलेली बाटली वर्षानुवर्षे राखू नका.

प्रश्न : दारूचा परवाना खरंच लागतो का? (गिरगाव)

उत्तर : लागतो. महाराष्ट्रात विकत घ्यायला, बाळगायला आणि प्यायलाही. व्हिस्कीसाठी वय २५ पूर्ण हवे. परदेशातून येताना माणशी २ लिटरपर्यंत मद्य शुल्काशिवाय आणता येते.