‘इम्पेकेबल’मधलं पाप

इंग्रजीत ‘इम्पेकेबल’, म्हणजे निर्दोष, हा शब्द आहे, मग नुसता ‘पेकेबल’ असतो का, आणि चोच मारण्याच्या ‘पेक’शी त्याचं काही नातं आहे का, असा प्रश्न आला आहे. ‘पेकेबल’ आहे, पण तो कोशातच सापडतो, बोलण्यात नाही. अर्थ : ज्याच्या हातून पाप घडू शकतं असा. ‘पेक’शी नातं नाही. मूळ लॅटिन क्रियापद ‘पेक्कारे’, म्हणजे चुकणं, पाप करणं.

आज आपण कुणाच्या इंग्रजी उच्चारांना, कडक इस्त्रीच्या शर्टालाही ‘इम्पेकेबल’ म्हणतो. सोळाव्या शतकात हा शब्द इंग्रजीत आला तो मात्र धर्मशास्त्राचा म्हणून, आणि त्याचा अर्थ होता ‘ज्याच्याकडून पाप होणं शक्यच नाही असा’. पाप न केलेला वेगळा आणि करूच न शकणारा वेगळा. कॅथलिक धर्मशास्त्र हा भेद आजही काटेकोरपणे पाळतं. पहिल्या व्हॅटिकन परिषदेने १८७० साली पोपना श्रद्धा आणि नीतीच्या शिकवणुकीत, तेही ठरावीक अटींवर, ‘इनफॅलिबल’ म्हणजे प्रमादातीत ठरवलं. ‘इम्पेकेबल’ नाही. म्हणून तर पोपसुद्धा दुसऱ्या धर्मगुरूपुढे पापाची कबुली देतात.

याच कुळातला इंग्रजी ‘पेकाडिलो’ स्पॅनिशमधून आला. ‘पेकादो’ म्हणजे पाप, त्याला लघुत्वाचा प्रत्यय. याचं ‘क्षुल्लक पाप’ असं भाषांतर फार जड होतं. आपला ‘आगळीक’ मला जास्त जवळचा वाटतो.

आणि लॅटिन ‘पेक्कावी’, म्हणजे ‘मी पाप केलं’. १८४३ साली ब्रिटिश सेनापती चार्ल्स नेपिअरने सिंध जिंकला आणि एवढा एकच शब्द वरिष्ठांना कळवला, असं हमखास सांगितलं जातं. इंग्रजीत ‘आय हॅव सिन्ड’ आणि ‘आय हॅव सिंध’ कानाला सारखंच लागतं, त्यावरची ही कोटी. पण ती नेपिअरची नाहीच. कॅथरिन विंकवर्थ या तेव्हा जेमतेम सोळा वर्षांच्या मुलीला ती सुचली, तिने ती ‘पंच’ या इंग्रजी विनोदी साप्ताहिकाकडे पाठवली आणि मे १८४४मध्ये ती नेपिअरच्या नावावर छापून आली. पुढे जर्मन स्तोत्रांच्या इंग्रजी अनुवादांमुळे नावाजलेली विंकवर्थ ती हीच. या कोटीचं श्रेय तिला मिळायलाच हवं. नेपिअरने कबुली दिली होती ती रोजनिशीत, तीही स्वारीच्या आधी आणि सरळ इंग्रजीत : सिंध घ्यायचा आपल्याला हक्क नाही, तरी आपण तो घेणार.