सही करण्याआधी हे वाच

तुझा मेसेज दुपारी ऑफिसमध्ये वाचला, तेव्हा घाईत "थांब, काही करू नकोस" एवढंच टाईप केलं. आता घरी येऊन नीट लिहिते. लैंगिक अत्याचाराच्या केसमध्ये दोषी ठरलेल्या तुमच्या टीममधल्या मित्राला कमी शिक्षा व्हावी म्हणून जजला जाणाऱ्या त्या पत्रावर सही करू नकोस, हे आधी सांगते.

कॅप्टनने टीमच्या ग्रुपवर टाकलेला ड्राफ्ट मी दोनदा वाचला. पहिल्याच परिच्छेदात तुझ्या त्या मित्राचा 200 फ्लायचा (200 बटरफ्लायचा) टाइम आहे, मग कॉन्फरन्स मीटचे (कॉलेजांमधल्या स्पर्धेचे) मेडल, मग पहाटे सगळ्यात आधी पूलवर येतो, मग ज्युनियर पोरांना टर्न शिकवतो. त्या मुलीबद्दल काय आहे? "ती दुर्दैवी घटना". बस. अख्ख्या पानात ती मुलगी कुठेच नाही. आणि हे पत्र ज्या जजला जाणार आहे त्याला शिक्षा ठरवायचीय. ज्युरीने दोषी ठरवून झालंय, म्हणजे घडलं की नाही घडलं हा प्रश्नच उरला नाहीये.

तू विचारलंस की अशा खेळाडू पोरांना खरंच कमी शिक्षा होते का, की लोक ऑनलाईन उगाच ओरडतात. कॅलिफोर्नियात मी ज्या काउंटीत (जिल्ह्यात) राहते तिथलंच सांगते. ब्रॉक टर्नर, स्टॅनफर्डचा स्विमर, वय 19. जानेवारी 2015 मध्ये कॅम्पसवरच्या एका पार्टीबाहेर, कचऱ्याच्या मोठ्या डब्यामागे, बेशुद्ध पडलेल्या मुलीवर त्याने अत्याचार केला. दोन स्वीडिश विद्यार्थी सायकलवरून चालले होते, त्यांना दिसलं की मुलगी हलत नाहीये, ते थांबले, काय चाललंय विचारलं, तर हा पळाला, मग त्यांनी मागे धावून त्याला पाडलं आणि पोलीस येईपर्यंत धरून ठेवलं. ते दोघे थांबले नसते तर केसच उभी राहिली नसती असं मला वाटतं. मार्च 2016 मध्ये ज्युरीने तीन गंभीर गुन्ह्यांत दोषी ठरवलं, जास्तीत जास्त 14 वर्षं होऊ शकली असती, सरकारी वकिलांनी 6 मागितली, आणि जज ॲरन पर्स्की यांनी दिले 6 महिने, तेही काउंटी जेलमध्ये, वर 3 वर्षं प्रोबेशन (तुरुंगाबाहेर, पण देखरेखीखाली). सप्टेंबरात तो बाहेर, म्हणजे 3 महिन्यांत. लैंगिक गुन्हेगारांच्या यादीत नाव मात्र जन्मभर राहणार, आणि यूएसए स्विमिंगनेही (पोहण्याची तिथली राष्ट्रीय संस्था) कायमची बंदी घातली, हेही सांगायला हवं.

जजने कारणं काय दिली? वय कमी, आधीचा गुन्हा नाही, दारू प्यायलेला होता, तुरुंगाचा त्याच्यावर गंभीर परिणाम होईल, आणि चांगल्या वागणुकीची पत्रं. हो, अगदी तुझ्यासमोर आहे तसलीच पत्रं. वडिलांनी लिहिलं होतं की वीस वर्षांच्या आयुष्यातल्या वीस मिनिटांसाठी ही फार मोठी किंमत आहे, पोराला आता आवडीचा स्टेकही खावासा वाटत नाही. एका बालमैत्रिणीनेही लिहिलं होतं, ती एका बँडमध्ये ड्रम वाजवायची, पत्र बाहेर आल्यावर बँडचे शो रद्द झाले आणि तिने नंतर माफी मागितली. तुला घाबरवायला नाही सांगत. शो रद्द झाले म्हणून ते पत्र चुकीचं ठरत नाही. ते चुकीचं होतं कारण तिने लहानपणीचा मित्र बघून त्या रात्रीबद्दल मत दिलं होतं, आणि त्या रात्री ती तिथे नव्हती.

टर्नरने जिच्यावर अत्याचार केला त्या मुलीने, शनेल मिलरने (2019 मध्ये तिने स्वतःच नाव जाहीर केलं), कोर्टात जे वाचून दाखवलं ते लाखो लोकांनी वाचलं. त्यातली एक गोष्ट माझ्या डोक्यातून अजून जात नाही. आपल्यासोबत नेमकं काय झालं हे तिला फोनवर बातमी वाचताना कळलं, आणि त्याच बातमीच्या शेवटी त्याचे स्विमिंगचे टाइम दिले होते. मी इतकी वर्षं वीकेंडला पूलच्या काठावर स्टॉपवॉच घेऊन उभी राहते, लेनमधल्या पोराचा हात भिंतीला लागला की बटण दाबते आणि शीटवर आकडा लिहिते. त्या आकड्याला आपल्या जगात केवढी किंमत असते ते मला माहितीये, तुला तर जास्तच माहितीये, पुण्याच्या टिळक टँकपासून (तिथल्या पूलपासून) तू त्या आकड्यांवरच इथवर पोचलास. पण तो आकडा एवढंच सांगतो की पोरगा पाण्यात किती वेगात जातो. तिनेही कोर्टात हेच म्हटलं होतं की तो किती वेगात पोहतो याने माझ्यावर जे झालं ते कमी होत नाही, शिक्षाही कमी व्हायला नको. तुमच्या ड्राफ्टमध्ये 200 फ्लायचा टाइम बघितला तेव्हा मला हेच आठवलं.

आता दुसरी बाजूही ऐक, कारण तुला फक्त राग देऊन उपयोग नाही. सगळ्याच खेळाडूंना सूट मिळते असं नाहीये. टेनेसीतल्या नॅशव्हिलला व्हँडरबिल्ट युनिव्हर्सिटीच्या चार फुटबॉल खेळाडूंनी जून 2013 मध्ये एका बेशुद्ध मुलीवर अत्याचार केला. त्यातल्या तिघांना 15, 17 आणि 15 वर्षं झाली, चौथ्याने गुन्हा कबूल करून साक्ष दिली म्हणून त्याला प्रोबेशन मिळालं. 15 वाल्यांपैकी पहिला, कृष्णवर्णीय मुलगा, त्याची शिक्षा टर्नरनंतर थोड्याच आठवड्यांत आली, लोकांनी लगेच तुलना केली आणि ती करण्यासारखी होतीच, पण 17 वर्षं झालेला गोरा होता हेही खरं. टेनेसीत कायद्यानेच किमान 15 होती, जजच्या हातात खाली यायला जागाच नव्हती. माझ्या मते फरक इथे आहे. जिथे जजला मोकळीक असते तिथे खेळाडूपण गुपचूप तराजूत जाऊन बसतं, कुणी मुद्दाम टाकत नाही, पण पत्रं येतात, चांगला सूट घातलेला पोरगा समोर उभा असतो, आणि जजला त्याचं भविष्य डोळ्यासमोर दिसतं. ओहायोच्या स्टुबेनव्हिलमध्ये 2013 मध्ये दोन शाळकरी फुटबॉल खेळाडू दोषी ठरले तेव्हा टीव्हीवरसुद्धा त्यांच्या उज्ज्वल भविष्याबद्दल हळहळ चालली होती. 16 वर्षांच्या मुलीवर बलात्कार, आणि बाल न्यायालयातून एकाला किमान 1 वर्ष, दुसऱ्याला किमान 2.

मग उपाय काय, सगळीकडे सक्तीची शिक्षा? कॅलिफोर्नियाने तेच केलं, सप्टेंबर 2016 मध्ये कायदा बदलला, बेशुद्ध व्यक्तीवर अत्याचार केला तर आता नुसतं प्रोबेशन देता येत नाही. आणि जून 2018 मध्ये आमच्या काउंटीने मतदान करून पर्स्कींना पदावरून काढलं. कॅलिफोर्नियात जजला असं घरी बसवणं 1932 नंतर पहिल्यांदाच. मी त्यांना काढण्याच्या विरोधात मत दिलं, घरात यावरून दोन दिवस वाद झाला. शिक्षा लाजिरवाणी होती यात मला तेव्हाही शंका नव्हती, आजही नाही. पण नोकरीची भीती घातलेला जज स्टॅनफर्डच्या पोराला नाही, तर वकील परवडत नसलेल्या काळ्या आणि मेक्सिकन पोरांना जास्त वर्षं देणार, असं इथले सरकारी बचाव वकील सांगत होते आणि मला ते पटलं. नंतर संशोधकांनी निकाल तपासले तर रिकॉलची, म्हणजे मतदानाने पर्स्कींना काढायची, मोहीम सुरू झाल्यावर शिक्षा वाढल्याच होत्या. माझं म्हणणं एवढंच आहे की जजची मोकळीक राहू दे, पण मेडलवाल्याला जी दया मिळते तीच बिनमेडलच्या पोरालाही मिळाली पाहिजे, आणि ज्याच्यावर अत्याचार झाला त्या माणसाचा हिशोब आधी व्हायला पाहिजे.

आपल्याकडेही वेगळं काही नाही हं. टर्नरची केस चालू होती तेव्हा इथल्या मराठी घरांमध्ये मी "पोरगं हुशार होतं हो, वाया गेलं" ऐकलंय, चांगल्या शिकलेल्या माणसांकडून. ती मुलगी वाया गेली का हे कुणी विचारत नव्हतं.

तर आता काय करायचं. कॅप्टनला ग्रुपवर उत्तर देऊ नकोस, प्रॅक्टिसनंतर गाठून समोरासमोर सांग की मी सही करणार नाही, मला त्या रात्रीचं काही माहीत नाही आणि पोहण्याचा इथे संबंध नाही. ते पत्र फोडत बसू नकोस, बाकीच्यांना अडवत पण बसू नकोस. तुला त्याच्याबद्दल खरंच काही सांगावंसं वाटलं तर स्वतःच्या नावाने वेगळं लिही, जे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय तेवढंच, टाइम आणि मेडल सोडून, आणि ज्युरीने दोषी ठरवलंय हे पहिल्या ओळीत मान्य करून. तसं लिहिता येत नसेल तर नको लिहूस. तो तुझा मित्र आहे, त्याला जेलमध्ये भेटायला जावंसं वाटलं तर जा, त्यात मला काही गैर वाटत नाही.

आणि ती मुलगी तुमच्याच कॅम्पसवर आहे. लॉकर रूममध्ये तिच्याबद्दल बोलणं सुरू झालं तर तिथे तुला गप्प बसता येणार नाही, तेव्हा काय बोलशील ते आत्ताच ठरवून ठेव. स्कॉलरशिपवरून कोच काही बोललेच तर त्याच दिवशी मला कळव, तारखेसकट लिहून ठेव, आपण कॉलेजच्या टायटल नाइन ऑफिसला (लैंगिक भेदभाव आणि अत्याचाराच्या तक्रारी तिथे घेतात) कसं कळवायचं ते बघू. शनिवारी माझी ड्युटी चारला संपते, त्यानंतर कधीही फोन कर.

तुझी काकू